बाराव्या हिश्श्याची बेकरी

यंदा १४ एप्रिलच्या कार्यक्रमात मुलांच्या हस्तकलेच्या टेबलावर लाल विटांची एक छोटी बेकरी मांडलेली होती. ४२ सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर उंच. पुढे दुकानाची काच, आत पावांच्या फळ्या, मागच्या अंगाला भट्टी आणि छपरावर धुराडे. ती आमच्या घरची. त्या दिवशी आणि नंतर फोनवरही अनेक कुटुंबांनी आम्हाला विचारले, की इतक्या बारीक विटा आणल्या कुठून? त्या आणलेल्या नाहीत, घरीच केलेल्या आहेत. कशा केल्या ते सविस्तर लिहून द्या, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात आम्हालाही मुलांना घेऊन बसता येईल, असा आग्रह झाला म्हणून हा लेख लिहीत आहोत. आणखी एक प्रश्न मोजक्याच लोकांनी, जरा दबक्या आवाजात विचारला होता: बेकरीच्या मागे विटांचा तो ढीग कसला? त्याचे उत्तरही या लेखात येईल. मात्र ते आमच्यापुढे ज्या क्रमाने उलगडले, त्याच क्रमाने ते सांगणे योग्य ठरेल.

बेकरीच का?

आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. दोघेही दिवसभर पडद्यासमोर बसून संगणकाची कामे करणारे. हाताने काही घडवण्याची सवय मोडून बरीच वर्षे झाली. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने गेल्या ऑक्टोबरच्या सुट्टीत बाहुलीघर मागितले. दुकानात तयार घरे होती, गुलाबी आणि प्लॅस्टिकची. तिला ती नको होती. तिला बेकरी हवी होती, आणि तीही ‘खरी’. शनिवारी सकाळी आम्ही शेजारच्या वूल्व्हरटनला जातो. तिथे १८३८ मध्ये रेल्वेचा कारखाना निघाला आणि कामगारांसाठी लाल विटांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. अशा रांगेच्या कोपऱ्यावर पूर्वी किराणा किंवा पाव विकणारे एखादे दुकान असे. मुलीच्या डोक्यात तसेच दुकान होते.

बाहुलीघरांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा लक्षात आले, की आरंभी ही मुलांची खेळणी नव्हतीच. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्ट याने १५५८ च्या सुमारास करवून घेतलेले छोटे घर हे त्यांतले सर्वांत जुने ज्ञात घर मानले जाते. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ओर्टमन या रेशीम व्यापाऱ्याच्या पत्नीचे, सतराव्या शतकाच्या अखेरीचे बाहुलीघर आहे. विंडसर कॅसलमध्ये क्वीन मेरीचे बाहुलीघर आहे. सर एडविन लट्यन्स यांनी त्याचा आराखडा केला आणि १९२१ ते १९२४ या काळात ते तयार झाले. त्यात वीज आहे, नळाला पाणी आहे, चालणारी लिफ्ट आहे. बाबासाहेब लंडनमध्ये आपला प्रबंध लिहीत होते, त्याच सुमारास त्याच देशात हे घर आकाराला येत होते. ही सगळी घरे मालकाचे वैभव बारकाईने मांडतात. आमच्या मुलीला मात्र मालकाचे घर नको होते, कामाची जागा हवी होती. त्या वेळी आम्ही त्याचा फार विचार केला नाही.

विटांच्या बाबतीत बेकरीचे आणि लंडनचे नाते जुने आहे. २ सप्टेंबर १६६६ रोजी पुडिंग लेनमधल्या थॉमस फॅरिनर यांच्या बेकरीत आग लागली आणि लाकडी घरांचे ते शहर चार दिवस जळत राहिले. त्यानंतर १६६७ च्या कायद्याने लंडनमधल्या घरांच्या बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच असाव्यात असे बंधन घातले. म्हणजे बेकरी करायची तर भिंत विटांची हवी, हा मुलीचा हट्ट इतिहासाला धरूनच होता.

मोजमाप

बाहुलीघरांचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे. खऱ्या जगातला एक फूट म्हणजे छोट्या जगातला एक इंच. इथली आजची प्रमाणित वीट २१५ मिलिमीटर लांब, १०२.५ रुंद आणि ६५ उंच असते, आणि दोन विटांमधली दर्ज १० मिलिमीटरची. बाराने भागले की वीट सुमारे १८ मिलिमीटर लांब, साडेआठ रुंद आणि साडेपाचला किंचित कमी उंच होते. दर्ज उरते जेमतेम ०.८ मिलिमीटर. वीट आणि दर्ज मिळून एका थराची उंची ६.२५ मिलिमीटर होते. चार थरांचे बरोबर २५ मिलिमीटर, आणि ३० सेंटिमीटर उंचीच्या भिंतीला ४८ थर. हे आकडे ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी भिंतीवर चिकटवून ठेवावेत. आम्ही ते ठेवले होते, आणि रोज लागत होते.

पहिली चूक आम्ही विटांच्या रचनेत केली. आमच्या वसाहतीतल्या नव्या घरांकडे पाहून सगळ्या विटा आडव्या, लांब बाजू पुढे करून रचायच्या असे ठरवले होते. नंतर वूल्व्हरटनच्या भिंतींपुढे उभे राहून पाहिले तेव्हा चूक कळली. आजच्या घरांची बाहेरची भिंत अर्ध्या विटेच्या जाडीची असते, तिच्यामागे पोकळी आणि त्यामागे दुसरी भिंत. म्हणून बाहेरून विटेची लांब बाजूच दिसते. जुन्या काळी भिंत अखंड असे, विटेच्या पूर्ण लांबीइतकी जाड. तिला बांधून ठेवण्यासाठी काही विटा आरपार घालाव्या लागत आणि त्यांची फक्त डोकी बाहेर दिसत. एक लांब, एक डोके, एक लांब, एक डोके, आणि वरच्या थरात डोके बरोबर खालच्या लांब विटेच्या मध्यावर: या रचनेला फ्लेमिश बाँड म्हणतात. कोपऱ्यातल्या डोक्याशेजारी चार मिलिमीटरचा एक चिंचोळा तुकडा घालावा लागतो, तो नसेल तर सगळी भिंत सरकते. जुनी बेकरी करायची तर हीच रचना हवी.

या रचनेत एका चौरस सेंटिमीटरला एकाहून थोड्या जास्त विटा लागतात. दर्शनी भिंत, एक बाजूची भिंत, धुराडे आणि आतली भट्टी मिळून हिशेब सुमारे २,२५० विटांवर गेला. मुलीने तो आकडा वहीत मोठ्या अक्षरांत लिहिला. तिला तो फार मोठा वाटला, आम्हालाही.

विटा पाडणे

विटांचे चित्र छापलेला कागद मिळतो. तो आम्ही आधी चिकटवून पाहिला. दोन हात लांबून बरा दिसतो, जवळून भिंत सपाट वाटते. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून विटा कापण्याचीही रीत आहे आणि ती स्वस्त आहे. पण आम्ही माती निवडली. हवेत वाळणारी, तांबूस रंगाची माती हस्तकलेच्या दुकानात मिळते. तिचे तीन गोळे केले. एक तसाच ठेवला, एकात थोडा गडद तपकिरी रंग मळला, एकात पिवळट. भट्टीतली प्रत्येक वीट सारखी भाजत नाही, म्हणून खऱ्या भिंतीत एकच लाल रंग कुठेही नसतो.

घरातलेच पोळपाट-लाटणे घेतले. दोन्ही बाजूंना तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या ठेवल्या की लाटणे त्यांच्यावरून फिरते आणि मातीची पोळी सगळीकडे सारखी जाड होते. जुन्या दातांच्या ब्रशने पोळीवर हलके ठोकले की विटेचा खरखरीतपणा येतो. मग पट्टीने आणि धारदार पात्याने कापायचे. वाळताना आमची माती विसात एक भाग आकसत होती, म्हणून १८ ऐवजी १९ मिलिमीटरवर कापणे भाग पडले. खऱ्या विटेचा साचाही याच कारणाने विटेपेक्षा मोठा असतो. भिंतीवर फक्त दर्शनी बाजू चिकटवायची असल्यामुळे तीन मिलिमीटर जाडी पुरते. पूर्ण वीट करण्याची गरज नाही.

पहिल्या शनिवारी आम्ही २०० विटा कापल्या, ट्रेमध्ये मांडल्या आणि लवकर वाळाव्यात म्हणून रेडिएटरच्या वरच्या फळीवर ठेवल्या. सकाळी पाहतो तर दोनशेही विटा होडीसारख्या वाकलेल्या. मुलगी रडवेली झाली. आम्ही मोबाइलवर कारण शोधू लागलो.

डिसेंबरपासून मुलीच्या आजी आमच्याकडे होत्या. सहा महिन्यांच्या व्हिसावर त्या अकोल्याहून आल्या होत्या. तोवर या उद्योगात त्यांनी लक्ष घातले नव्हते. शाल पांघरून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्या पाहत असत. त्या दिवशी त्या उठून आल्या, ट्रेमधली एक वीट उचलली, उलटी करून अंगठ्याने दाबून पाहिली आणि नातीला म्हणाल्या, “एकाच अंगानं वाळवतेत का पोरी? इले पलटवा लागते. आधी आडवी, मंग कडेवर उभी. आन् शेगडीपाशी नाही, सावलीत.”

पुढच्या खेपेला तसेच केले. चार तासांनी उलटवल्या, मग कडेवर उभ्या केल्या, मधे वारा खेळेल एवढे अंतर ठेवून. एकही वाकली नाही.

मुलीने सहज विचारले, “आजी, तुला कसं माहीत?”

“माहंच काम होतं ते,” त्या म्हणाल्या. “माय-बाप थापत, आमी पोरं पलटवत जाओ.”

जे सांगितले गेले नव्हते

इथे थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे. आम्हा दोघांपैकी एकाला त्यांनी जन्म दिला, वाढवले, अभियांत्रिकीची पदवी आणि पुढे एम.एस. होईपर्यंत पाठीशी उभ्या राहिल्या. आणि त्या वयाच्या सातव्या वर्षापासून चार हंगाम वीटभट्टीवर होत्या हे आम्हाला ठाऊक नव्हते. आमच्या घरात सांगितला जाणारा इतिहास आजोबांच्या रेल्वेतल्या नोकरीच्या आदेशापासून सुरू होतो. तो आदेश फ्रेम करून भिंतीवर लावलेला आहे. त्याआधीचे कुणी सांगितले नाही, आणि आम्हीही कधी विचारले नाही. आपल्यातल्या अनेक घरांत असेच असावे. पहिली नोकरी, पहिली पदवी, पहिला विमानप्रवास यांच्या तारखा पाठ असतात. त्याआधीचे ‘फार गरिबी होती’ या तीन शब्दांत मिटते.

मुलगी मात्र थांबणारी नव्हती. विटा कापता कापता रोज एक प्रश्न विचारायची, आणि आजी हात चालवत चालवत उत्तर देत. आमच्यापुढे बसवून ‘सांगा’ म्हटले असते तर कदाचित एवढे निघाले नसते.

दिवाळी झाली की भट्टी सुरू होई आणि पावसाच्या तोंडावर बंद होई. मालकाकडून आधी उचल घेतलेली असे आणि ती फेडण्यासाठी हंगामभर काम. रात्री चिखल भिजत घालायचा, त्यात राख आणि भुसा मिसळायचा, पायांनी तुडवायचा. पहाटे अंधारातच थापायला बसायचे, कारण ऊन चढले की माती साच्याला धरते. साचा नऊ इंच, चार इंच, तीन इंच. हिशेब हजारावर, फुटलेली, वाकडी वीट हजारात धरली जात नसे. पोरांचे काम विटा पलटवणे, कडेवर उभ्या करणे, वाळल्या की हारीने रचणे. अवकाळी पाऊस आला तर रात्रीत धावत जाऊन झाकायच्या. भिजलेल्या विटांचे पैसे मिळत नसत.

“मग शाळा?” मुलीने विचारले.

“शाळा पावसाळ्यात,” आजी म्हणाल्या.

आम्ही दोघांनी त्या रात्री त्यांना विचारले, की हे आम्हाला आजवर का सांगितले नाही. त्या म्हणाल्या, “सांगासारखं काय होतं त्याच्यात? इटा होत्या.”

एक भागिले १,७२८

जानेवारीत मुलीने एक चांगला प्रश्न विचारला: आपली वीट खऱ्या विटेपेक्षा बारापट लहान, तर वजनही बारापट कमी का? आम्ही तिला समजावून सांगितले, की लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही बाराने कमी होतात. म्हणून वजन बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १,७२८ पटींनी घटते. सव्वादोन किलोची वीट या जगात सव्वा ग्रॅमची होते.

आमच्या बागेच्या शेडमागे एक जुनी वीट पडलेली होती. तिच्या खाचेत इंग्रजी अक्षरांत ‘एल.बी.सी.’ आणि ‘फोरप्रेस’ असे कोरलेले आहे. एल.बी.सी. म्हणजे लंडन ब्रिक कंपनी. आमच्या गावातून बेडफर्डला जाणारी छोटी रेल्वे स्ट्युअर्टबी स्थानकावरून जाते, तिथे या कंपनीचा कारखाना होता आणि एके काळी तो जगातला सर्वांत मोठा वीटकारखाना गणला जाई. तिथल्या चिकणमातीतच जळणारा अंश असल्यामुळे वीट भाजायला बाहेरचे इंधन कमी लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर कामगार मिळेनात, तेव्हा १९५१ पासून इटलीच्या दक्षिणेकडच्या गावांतून माणसे आणली गेली. नंतर भारत, पाकिस्तान आणि वेस्ट इंडीजमधून आलेले लोकही तिथे राबले. २००८ मध्ये कारखाना बंद झाला आणि २०२१ मध्ये उरलेली उंच धुराडीही पाडण्यात आली. हे सगळे आम्ही आजींना सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “म्हंजे इथंबी बाहेरचेच.”

ती वीट त्यांनी धुऊन घेतली आणि नातीच्या दोन्ही हातांवर ठेवली. मुलीचे हात खाली गेले. मग त्यांनी ट्रेमधली एक छोटी वीट तिच्या तळव्यावर ठेवली. “ही रचून तू दमली म्हणत होती न?” त्या हसत म्हणाल्या. त्या हसण्यात टोचणी नव्हती, पण आम्हाला ते लागले. छोटे घर बांधताना सगळे प्रमाणात लहान करता येते, असे आम्ही धरून चाललो होतो. आकार बाराव्या हिश्श्यावर येतो. ओझे मात्र इतके हलके होते, की ते हाताला कळतही नाही.

भिंत, कमान आणि भट्टी

पुन्हा कृतीकडे येऊ. भिंतीसाठी सहा मिलिमीटर जाडीचा प्लायवूड घेतला. इथे दुसरी चूक झाली. पुढच्या बाजूला फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद लावून विटा बसवल्या आणि दोन दिवसांत फळी धनुष्यासारखी वाकली. ओला गोंद एकाच बाजूने सुकताना फळी ओढून घेतो. उपाय असा: विटा लावण्याआधी फळीच्या दोन्ही बाजूंना वार्निशचा हात द्यावा आणि वाळेपर्यंत फळी वजनाखाली ठेवावी. आजींचा धडा इथेही लागू पडला: एकाच अंगाने वाळवू नये.

फळीवर पेन्सिलने ४८ थरांच्या रेषा आखल्या. दोन्ही कोपऱ्यांपासून मध्याकडे यायचे, म्हणजे फरक पडलाच तर तो मध्यात वाटून टाकता येतो. दर्जेसाठी पातळ पुठ्ठ्याचा तुकडा मधे धरायचा. एका तासात पंचेचाळीसच्या आसपास विटा बसतात. म्हणजे सगळ्या मिळून पन्नास तास. आम्ही ते जानेवारी ते मार्चच्या शनिवार-रविवारी केले.

दर्जा भरण्याआधी विटांना चकाकी नसलेल्या वार्निशचा पातळ हात द्यायलाच हवा, नाहीतर हवेत वाळलेली माती पाणी लागताच पुन्हा चिखल होते. मग भिंतीच्या भेगा बुजवण्याची बारीक लांबी घ्यावी, तिच्यात किंचित पिवळट रंग मिसळावा आणि बोटाने दर्जांत दाबावी. जेमतेम ओलसर स्पंजने तिरके पुसून घ्यावे; सरळ पुसले तर दर्जेतली लांबी निघून येते. वाळल्यावर भिंत एकदम भिंतीसारखी दिसू लागते. मुलीने त्या संध्याकाळी घरातले सगळे दिवे मालवून टॉर्चच्या उजेडात ती पाहिली.

दुकानाच्या दारावर कमान आहे. तिच्या विटा खाली निमुळत्या कापाव्या लागतात आणि त्यांची संख्या विषम ठेवावी, म्हणजे मध्यावर एक वीट येते. पुठ्ठ्याचा अर्धगोल तुकडा खाली धरून तिच्यावर विटा रचल्या आणि वाळल्यावर पुठ्ठा काढून घेतला. खरे गवंडीही असेच लाकडी सेंटरिंग लावतात.

आतली भट्टी हा मुलीचा सर्वांत लाडका भाग. जुन्या बेकरीत विटांच्या घुमटाकार भट्टीच्या आतच लाकडे जाळत. विटा पुरेशा तापल्या की निखारे ओढून बाहेर काढत, तळ ओल्या फडक्याने पुसत आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पाव आत सरकवत. म्हणजे पाव थेट आगीवर भाजत नाही, विटांनी साठवलेल्या उष्णतेवर भाजतो. तोंडाशी काळ्या खडूची पूड चोळली की काजळी दिसते. पाव आम्ही ओव्हनमध्ये घट्ट होणाऱ्या पॉलिमर मातीचे केले आणि त्यांच्यावर पिवळ्या-तपकिरी खडूची भुकटी ब्रशने लावली. साच्यातला लांबट पाव, एकावर एक दोन गोळ्यांचा कॉटेज लोफ, आणि सर्वांत खालच्या फळीवर लादी पाव. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लिश बेकरीत लादी पाव नसणार हे मुलीला ठाऊक आहे. तो तिने आजीसाठी ठेवला.

आपल्या भाषेत पाव भाजण्याची ती भट्टी आणि वीट भाजण्याची तीही भट्टीच. इंग्रजीत या दोन्हींना वेगळे शब्द आहेत, त्यामुळे मुलीला आधी गोंधळल्यासारखे झाले. मग तिनेच जोडून पाहिले: आधी एका भट्टीतून वीट निघते, त्या विटांची दुसरी भट्टी होते, तिच्यातून पाव निघतो.

मागचा ढीग

मार्चअखेर बेकरी पूर्ण झाली. ट्रेमध्ये सुमारे दीडशे विटा उरल्या होत्या: पहिल्या खेपेच्या वाकलेल्या, कोपरा उडालेल्या, रंग बिघडलेल्या. त्या फेकायला निघालो तेव्हा आजींनी ट्रे मागून घेतला. बेकरीच्या मागे फळीवर वीतभर मोकळी जागा होती. तिथे बसून त्यांनी विटांवर विटा ठेवायला सुरुवात केली. गोंद नाही, दर्ज नाही. तीन बाजूंना बोटभर उंचीच्या भिंती, पुढे वाकून शिरावे लागेल एवढे दार, वर गोणपाटाचा तुकडा आणि तो उडू नये म्हणून त्याच्यावर चार विटा.

“हे काय आहे?” मुलीने विचारले.

“खोपडं. इटा पाडणारे राहतेत कुठं मंग?”

मुलगी गोंदाची बाटली घेऊन आली. आजींनी तिचा हात धरला. “चिपकवू नको. हंगाम सरला का मालक ह्याच इटा काढून इकते.”

१४ एप्रिलच्या कार्यक्रमाला बेकरी न्यायचे आधीच ठरले होते. खोपडे न्यायचे की नाही यावर मात्र आमच्या दोघांत दोन दिवस बोलणे झाले, आणि ते आम्ही इथे लपवत नाही. एक म्हणणे असे होते, की दिवस आनंदाचा आहे. आपली मुले इथल्या शाळांत ताठ मानेने वावरतात, त्यांच्यापुढे हे कशाला मांडायचे? शिवाय आजींच्या खासगी आयुष्याचे प्रदर्शन करणे बरे का? आजींना विचारले तर त्या म्हणाल्या, “माही काही हरकत नाही. तुमची मर्जी.” शेवटी निर्णय मुलीने केला. ती म्हणाली, “ते नेलं नाही तर लोकांना वाटेल विटा दुकानातून आल्या.”

गाडीच्या डिकीत खोपडे कोसळले. मुलीने टेबलावर ते पुन्हा रचले, पण आजींइतके सफाईने नाही. म्हणून बऱ्याच जणांना तो ढीग वाटला. त्यात त्यांची चूक नाही.

दुपारी जेवणाच्या वेळी टेबलापाशी गर्दी नव्हती, तेव्हा आपल्या मंडळातले एक ज्येष्ठ काका तिथे आले. त्यांना आम्ही गेली आठ-दहा वर्षे ओळखतो. त्यांचे शिक्षण, त्यांचे पद, त्यांच्या मुलांची कॉलेजे आम्हाला ठाऊक आहेत. त्यांनी चष्मा वर करून बेकरीचे दर्शनी अंग पाहिले, छान म्हणाले. मग मागे वळून खोपड्याशेजारी उरलेल्या सुट्या विटांकडे त्यांचे लक्ष गेले. मुलीने त्या एकावर एक दाटून ठेवल्या होत्या. काकांनी त्या सगळ्या उचलल्या आणि एकेक कडेवर उभी करत, मधे बोटाचे अंतर सोडत, वरच्या थराचा कोन बदलत नव्याने मांडल्या. “अशा ठेवायच्या, बेटा,” ते मुलीला म्हणाले. “मधून वारा गेला पाहिजे.”

मुलीने विचारले, “तुम्हीपण पलटवायचात?”

ते हो म्हणाले आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. आम्ही चहा आणायला गेलो; परत आलो तेव्हा ती वहीत काहीतरी लिहून घेत होती.

आजी मेमध्ये परत गेल्या. बेकरी आता आमच्या बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ आहे, खोपड्यासह. धूळ पुसताना ते दर आठवड्याला कोसळते आणि दर आठवड्याला कुणीतरी ते पुन्हा रचते. ज्यांना अशी बेकरी करायची आहे त्यांनी माती, लाटणे आणि तीन मिलिमीटरच्या दोन पट्ट्या घेऊन डिसेंबरमध्ये सुरुवात करावी; एप्रिलपर्यंत होते. घरी कुणी वडीलधारे आले असतील, तर ट्रे त्यांच्या खुर्चीजवळच ठेवावा.